शिखराखालची विहीर

आई, परवा मी कळसूबाईला जाऊन आले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं मी सरळ सांगेन की नाही याची मला खात्री नाही. आत्ता मी माझ्या खोलीत खुर्चीवर बसले आहे, समोरच्या स्टुलावर पाय ठेवले आहेत आणि गुडघ्यांना तेल लावून वर जुन्या पातळाच्या पट्ट्या गुंडाळल्या आहेत. जिना उतरायचा तर कठड्याला धरून, मागे तोंड करून एकेक पायरी उतरावी लागते. खालच्या बिऱ्हाडातल्या वहिनी मला तसं उतरताना बघून म्हणाल्या, "बाई, दिवाळीच्या सुट्टीत लोक माहेरी जातात, तुम्ही कुठे जाऊन आलात?" मी म्हटलं, माहेरीच. याही वर्षी पाऊस झाला नाही. नळाला कधी पाणी येतं, कधी नुसता वारा येतो, आणि रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरीची आता सगळ्यांना सवय झाली आहे. शाळा सुरू व्हायला अजून थोडे दिवस आहेत. तोवर पाय बरे झाले पाहिजेत, नाहीतर वर्गात फळ्यापाशी उभं राहायचं कसं, ही मोठी काळजी आहे.

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा म्हटलं तर आधी मोरीतला आवाज आठवतो. राख, नारळाची शेंडी आणि पितळेचं पातेलं. तू पाठमोरी बसलेली असतेस, कासोटा घट्ट खोचलेला, आणि बोलतेस ती भिंतीकडे तोंड करून. मी मागे पाटावर पुस्तक घेऊन बसलेली असते. त्या भिंतीला उद्देशूनच तू मला ती गोष्ट सांगायचीस. तुझे वडील डोंगराखालच्या गावात शाळामास्तर होते, तुझं लग्न होईपर्यंतची दोन-तीन वर्षं तू तिथे काढलीस, आणि तिथल्या बायकांनी ती तुला सांगितलेली. कळसू नावाची एक मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली. काय वाटेल ते काम करीन म्हणाली, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, ही माझी अट. पाटील हो म्हणाला. मग एक दिवस घरात पाहुणे फार झाले आणि त्याने तिला भांड्यांना बसवलं. ती उठली, डोंगरावर निघून गेली आणि पुन्हा खाली आली नाही. गोष्ट संपली की तू पातेलं पालथं घालायचीस आणि म्हणायचीस, "अट घालायला शिकावं माणसानं. आणि अट मोडली की उठता यावं." मग तू पुढचं पातेलं घ्यायचीस.

मला तू कधी भांड्याला हात लावू दिला नाहीस. आत्या किती बोलायची तुला. "घोडी झाली तरी ताट उचलत नाही. सासरी काय पुस्तकानं चूल पेटवणार?" तू एकदाच उत्तर दिलेलं मला आठवतं. हातातली राख झटकून तू म्हणालीस, "वन्सं, हिच्याकडे केर-भांडी नाहीत. माझ्याकडे आहेत ना? मग झालं तर." आत्या तेव्हा तोंडाला पदर लावून हसली होती, जणू तू काही वेडंवाकडं बोललीस. तू मला दिलेली सगळ्यांत मोठी भेट कोणती असं कोणी विचारलं तर मी ते वाक्य सांगेन. पण मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तू गेलीस, आणि तेरावा झाल्यावर दुसऱ्या दिवशी मोरीत खरकट्या भांड्यांचा ढीग होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. कोणी मला बस म्हटलं नाही. मीच बसले. मग बाबा होते, आत्याचं आजारपण होतं, दादाचं लग्न होईपर्यंत दादा होता. आता ते कोणी नाहीत, दादा नगरच्याच सावेडी भागात नव्या बंगल्यात राहतो, आणि मी एकटीचं एक ताट घासते. कधीकधी जेवण झाल्यावर त्या एका ताटाचाही मला इतका कंटाळा येतो की मी तशीच बसून राहते. पण झोपायच्या आत ते घासलेलं असतं.

आता तुझ्या बढाईबद्दल. बढाई हा शब्द आपल्या घराचा आहे, माझा नाही. पण मीही तोच वापरत आले. तू म्हणायचीस, "मी कळसूबाईला गेले होते." लहानपणी, नवरात्रात, गावातल्या बायकांबरोबर. अनवाणी. खाली नदी रेघेसारखी दिसते म्हणायचीस, वारा इतका की पदर अंगावर ठरत नाही. वर एक विहीर आहे, तिचं पाणी बर्फासारखं. आणि तिथे बसून फराळ झाल्यावर तू सवयीनं तांब्या मातीनं घासलास, लख्ख केलास, तर सगळ्या बायका तुझ्या अंगावर आल्या, "अगं पोरी, काय केलंस हे!" इथपर्यंत आलं की बाबा ताटावरून मान वर करून म्हणायचे, "मग? देवी म्हणाली असेल, आता आलीच आहेस तर परातही घासून जा." आणि सगळे हसायचे. तूही हसायचीस. आत्या विचारायची, "देऊळ कसं आहे ते सांग की मग!" तू म्हणायचीस, "देऊळ काय, देवळासारखं." "ऐका! देऊळ आठवत नाही आणि तांब्या आठवतो! कुठली गेली असशील तू!" तू नुसती उठून मोरीकडे जायचीस. जिन्याच्या मध्यावर छातीला हात लावून थांबणारी, टांग्यात बसायला घाबरणारी तू त्या उंच डोंगरावर गेली असशील यावर आमच्यापैकी कोणाचाच विश्वास नव्हता. आता लिहिताना मला वाटतं, तुझ्या सगळ्या आयुष्यात तू स्वतःबद्दल सांगितलेली एवढी एकच गोष्ट होती.

यंदा भाऊबीजेला मी सावेडीला गेले. ओवाळून झालं, जेवणं झाली, आणि दादाने मुलांपुढे तीच गोष्ट काढली. नकलेसकट. "तुमची आजी म्हणजे मोठी गिर्यारोहक बरं का! जिना चढताना दोनदा बसायची, पण कळसूबाईवर जाऊन तांब्या घासून आली!" मुलं खो खो हसली. धाकटीने मला विचारलं, "आत्या, खरंच गेली होती आजी?" आणि मी म्हटलं, "कुठली गं." आणि हसले. ते हसू घरी येईपर्यंत माझ्याबरोबर आलं. रोजनिशीत त्या दिवसाखाली मी लिहिलं की फराळ उत्तम होता, मुलं मजेत आहेत. मग ते खोडलं आणि लिहिलं, आई गेली होती की नाही हे मला माहीत नाही. जे माहीत नाही त्याला मी नाही म्हटलं. त्याखाली लिहिलं, जाऊन बघावं.

मी डोंगर चढण्यातलं काय जाणणार? माझी सगळी चढण म्हणजे शाळेचा जिना. कापडबाजारात कॅनव्हासचे बूट घ्यायला गेले तर दुकानदाराने विचारलं, "मुलाचा नंबर सांगा." मी म्हटलं, मला हवेत. त्याने माझ्या पायांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, आणि शिडीवर चढला. सराव म्हणून एका सकाळी मी चांदबीबीच्या महालाच्या टेकडीवर गेले. तीच ती टेकडी, जिथे आम्ही मुलींच्या सहली नेतो आणि मी खाली झाडाखाली पाण्याचे डबे सांभाळत बसते. अर्ध्यात छाती भरून आली. एका दगडावर बसून मी खाली नगर बघत राहिले, धुळीत बुडालेलं, आणि मला तुझी जिन्यावरची आकृती आठवली, छातीवर हात. माझं आताचं वय तेच, जे तुझं तेव्हा होतं. घरी आल्यावर जायचं रद्द केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठरवलं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दादा म्हणाला असता, मी गाडी करून देतो, आणि मग ते त्याचं जाणं झालं असतं.

एस.टी.ने संगमनेर, तिथून अकोले, तिथून राजूर. राजूरला तिथल्या शाळेतल्या एका ओळखीच्या बाईंकडे उतरले, देवीसाठी खण-नारळ घेतला आणि सकाळच्या पहिल्या गाडीने डोंगराखालच्या बारी गावात पोचले. खाली उतरून वर पाहिलं आणि माझं अवसान गेलं. खरंच सांगते. लांबून शाळेच्या नकाशावर तो एक त्रिकोण असतो. इथे तो डोंगर एकावर एक चढवलेल्या भिंतींसारखा होता आणि शेवटची भिंत ढगात होती. गावात पुरुष दिसत नव्हते, सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले. एका घरासमोर पन्नाशीची एक बाई पायरीवर बसून कमरेला ओच्यात काहीतरी बांधत होती, खण आणि नारळ. मी तिला वाट विचारली.

"कुठनं आलात बाई?"

"नगरहून."

"एकल्याच? घरचं कुनी न्हाई?"

"आहेत. पण ते हसले असते."

"मंग बरं क्येलंत. हसनारी मानसं घरीच बरी. वर आनखी वझं कशाला?" तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आन ह्ये पाचवारी नेसून चढनार व्हय? पाय कुठनं टाकनार, कानातनं?" मी काही बोलायच्या आत तिने उठून माझ्या निऱ्या धरल्या, मागे ओढल्या आणि कासोटा खोचून दिला, अगदी तू कंबरेला हिसका द्यायचीस तसाच. मी इकडेतिकडे बघायला लागले. "कोन बघतंय हितं? माकडं? त्यांनी बगू द्या." तिच्या सुनेचे दिवस भरत आले होते, पहिलं मूल, म्हणून ती देवीला खण लावायला निघाली होती. मंगळवार होता. "चला संगं. पर म्या थांबनार न्हाई बरं का, माझं काम हाय."

ती थांबली. पुन्हा पुन्हा थांबली. मी दर थोड्या वेळाने दगडाला टेकायची आणि ती पुढे उभी राहून, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघायची. "बाई, तुमी दम घेता का डोंगराला शिव्या देता?" मला हसू यायचं आणि हसल्यावर आणखी दम लागायचा. पहिल्या चढात भातखाचरं संपली, मग कारवीचं रान, मग नुसता कातळ. कातळात पाऊल मावेल एवढ्या खोबण्या होत्या आणि हाताला धरायला काही नाही. एका ठिकाणी माझा बूट घसरला आणि मी दोन्ही तळहातांवर आले. खाली बघितलं, बारीतली घरं काडेपेट्यांसारखी. मी तशीच, कातळाला चिकटून म्हटलं, "मावशी, मला खाली नेऊन सोडा." ती वरून म्हणाली, "खाली कशी न्येऊ? खाली जायाला बी हितनंच पाय टाकाया लागतो. तो वर टाका. त्येवढाच ताप." मी टाकला. शाळेत मी मुलींना धीर धरा, धीर धरा म्हणते. धीर धरणं म्हणजे काय हे मला त्या खोबणीत कळलं असं म्हटलं तर छान वाटेल, पण ते खरं नाही. मला फक्त रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी पाय टाकला.

वरच्या एका टप्प्यावर थोडी सपाटी लागली. ती टेकली, तंबाखूची चिमूट काढली आणि म्हणाली, "ह्यो बगा थाळेमेळ. हितंच पाटलानं तिच्याकडनं थाळ्या घासून घेतल्या, आमी असंच सांगतो." मी म्हटलं, गोष्ट मला माहीत आहे, माझ्या आईने सांगितली होती. "मंग ह्ये बी म्हाईत असंल. आमच्यात डोंगरावर भांडं घासत न्हाईत. वर न्येलेलं खरकटं तसंच खाली आनायचं. कुनी घासलंच, तर त्यानं म्होरं जायाचं न्हाई. हिरीपास्नं हात जोडायचं आन माघारी."

मी विचारलं, "का?"

"का म्हंजे? ज्या कामापायी ती घर सोडून गेली, त्येच काम तिच्या दारात जाऊन करायचं व्हय?"

मी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग विचारलं, "आणि एखाद्या लहान मुलीने घासलं तर? दहा-अकरा वर्षांच्या? तिला माहीत नसलं तर?"

"ल्हान काय आन थोर काय. हात त्येच." तिने तंबाखू गालात ठेवली. "माझ्या म्होरं घडलंय. लगीन ठरलेली पोर हुती, चिमटीभर मातीनं वाटी घासली. आमी समद्या वर गेलो, तिला हिरीपाशी बशिवली. लई रडली. पर न्हाई म्हंजी न्हाई."

आई, तिथे मला सगळं लख्ख कळलं. "सगळ्या बायका अंगावर आल्या" इथे तुझी गोष्ट थांबायची, कारण ती तिथेच थांबली होती. आम्ही हसून ती पुरी करत होतो म्हणून तुला पुढचं सांगावं लागलं नाही. देऊळ देवळासारखं, कारण तू ते पाहिलंच नव्हतंस. आत्या तेवढ्यापुरती बरोबर होती. बाकी नदी, वारा, पाणी, सगळं खरं. तू डोंगर चढलीस, अनवाणी, आणि शेवटच्या चढाखाली एक तांब्या घासला म्हणून बसवून ठेवली गेलीस. कोणी तुला घासायला सांगितलं नव्हतं. पाटलानेही नाही. तू आपण होऊन घासलास, कारण तुझ्या आईने तुझे हात तसे केले होते. मग तू घरी येऊन लग्न करून नगरला आलीस आणि मला म्हणालीस, हिच्याकडे केर-भांडी नाहीत.

त्यानंतरचं चढणं मला फारसं आठवत नाही. पाय टाकत होते एवढंच. माथ्याच्या अलीकडे एक पठार लागतं आणि तिथे ती विहीर आहे. तशीच, तू म्हणायचीस तशी. पाणी बर्फासारखं. वाऱ्याने पदर खरोखर अंगावर ठरत नव्हता. खाली तुझी रेघेसारखी नदी नव्हती, तिथे आता धरणाचं पाणी आहे, यंदा तळाला गेलेलं, कडेने मातीचा रुंद पट्टा उघडा पडलेला. समोर शेवटचा कातळ आणि त्यावर देवळाचा शेंदरी ठिपका. इतका जवळ की वाटावं हात लांब केला की लागेल. आम्ही बसलो. मी माझा पितळी डबा उघडला, मिलोची भाकरी आणि लसणाची चटणी. तिने तिची नाचणीची भाकरी फडक्यातून काढली, अर्धी मला दिली आणि माझ्या भाकरीची चव घेऊन तोंड वाकडं केलं. "ही सरकारची जवारी व्हय? ह्यानं कसं चढलात तुमी?" खाऊन झाल्यावर ती तोंड धुवायला विहिरीच्या पलीकडच्या अंगाला गेली. माझ्यापुढे तेलकट डबा होता, शेजारी ओली माती आणि वाळलं गवत. मी गवताचा बोळा उपटला, मातीत बुडवला आणि डबा घासायला लागले.

"अवो बाई! काय क्येलंत ह्ये!"

ती धावत आली. डबा माझ्या हातात होता, निम्मा उजळलेला. "आत्ता सांगितलं ना म्या? मगाशी? कान कुठं हुतं तुमचं?"

"विसरले," मी म्हटलं.

रागापेक्षा तिला माझी कीव आली असावी. "बगा, तुमी शिकलेल्या. तुमाला वाटत असंल ह्ये समदं खुळ्यावानी हाय. तर चढा. म्या काय पाय धरनार न्हाई. पर माझ्यासंगं न्हाई, सुनंचं पोट हाय." मी म्हटलं, नको, मी इथूनच हात जोडते, माझ्याकडचा खण-नारळ तेवढा तुम्ही न्या. ती घेऊन गेली. मी बसले.

विहिरीच्या काठावर एकटी बसून मी वर बघत राहिले. तिचं हिरवं लुगडं कातळावर वरवर सरकत गेलं, मग दिसेनासं झालं, मग नारळ फोडल्याचा आवाज आला. तूही तो आवाज इथूनच ऐकला असशील. मी तुला बघायचा प्रयत्न करते: परकर, पातळ वेणी, मांडीवर लख्ख तांब्या. तू रडलीस का? का आभाळ बघत बसलीस? वर जाऊन आलेल्या बायकांनी तुझ्या हातावर प्रसाद ठेवला असेल, आणि खाली येताना तू ठरवलं असशील की घरी काय सांगायचं. मला तुझी दया आली नाही, हे मला नवल वाटलं. मला राग आला. कोणाचा, ते अजून कळलेलं नाही. देवीचा नाही. तिने अट घातली होती आणि ती पाळत होती, एवढंच.

ती खाली आली तेव्हा तिच्या कपाळावर ताजं कुंकू होतं. माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत ती म्हणाली, "देवीनं इचारलं, ती नगरची बाई कुठं हाय? म्या म्हनलं, भांडी घासतीया." आणि स्वतःच मोठ्याने हसली. मी हसले. बाबांचाच विनोद होता तो, पण तिच्या तोंडून तो आमच्या दोघींचा झाला. उतरताना माझे गुडघे पुरते गेले. शेवटची वाट तिने माझ्या काखेत हात घालून मला उतरवलं आणि वाटभर शिव्या दिल्या, मला, बुटांना, रेशनच्या जवारीला.

काल दुपारी मी नगरला परतले आणि संध्याकाळी रिक्षाने सावेडीला गेले. दादा पायरीवर वर्तमानपत्र वाचत होता. माझं चालणं बघून घाबरला. मी सांगितलं. त्याला वाटलं मी थट्टा करते आहे. मग मी बूट दाखवले, कातळाने खरवडलेले. त्याने वाकून बुटाच्या टोकाला बोट लावून पाहिलं. "एकटी? वेडी आहेस का तू?" मग जरा हसून, जुन्या सवयीने, "मग, कसं आहे देऊळ?"

"देवळासारखं," मी म्हटलं.

त्याचं हसू तिथेच राहिलं. "म्हणजे?"

"आई गेली होती तिथपर्यंत मी जाऊन आले."

"म्हणजे ती खरंच गेली होती?"

"हो. मी पाहिलं. विहीर आहे, पाणी बर्फासारखं आहे, पदर ठरत नाही." त्याने वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. मग आत हाक मारून धाकटीला बोलावलं आणि म्हणाला, "ऐक, आजी गेली होती बरं का. आत्या सांगते." ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. या सगळ्यात मी एक शब्दही खोटा बोलले नाही, हे घरी येताना मी रिक्षात तपासून पाहिलं. आणि तरी त्यांना जे वाटलं ते मी वाटू दिलं. तूही तेच केलं होतंस. आता मला कळतं की ते किती सोपं असतं, आणि नंतर मोरीकडे उठून जावंसं का वाटतं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. पाठवायचं असतं तर मी पुढचं लिहिलं नसतं. त्या बाईला मी विसरले म्हणाले. रोजनिशीतही परवाच्या पानावर तसंच लिहिलं आहे, सवयीनं डबा घासला गेला. तसं नव्हतं. मी विसरले नव्हते. गवत उपटताना मला तिचं प्रत्येक वाक्य आठवत होतं, आणि ती पाठमोरी होईपर्यंत मी वाट पाहिली होती. तुला विहिरीपाशी एकटी टाकून मला वर जायचं नव्हतं, असं मी आज सकाळपर्यंत समजत होते. पण तो शेवटचा कातळ फार उभा होता, आई, आणि माझ्या गुडघ्यांत काही उरलं नव्हतं. यातलं खरं कोणतं, मला सांगता येत नाही.

डबा मात्र लख्ख निघाला होता.